जेमतेम बांधलेले चार क्वार्क

क्वार्क हे पदार्थाचे मूलकण, आणि प्रतिक्वार्क हे त्यांचे उलट विद्युतभाराचे जुळे. प्रोटॉन म्हणजे तीन क्वार्क आणि मेसॉन म्हणजे क्वार्क-प्रतिक्वार्काची जोडी, याखेरीज वेगळी मोळी निसर्गात बांधलीच जात नाही, असा समज पाठ्यपुस्तकांमुळे घट्ट रुजला आहे. वस्तुतः भौतिकशास्त्रज्ञ मरे गेल-मान यांनी १९६४ साली ज्या निबंधात क्वार्कची कल्पना मांडली, त्यातच चार आणि पाच घटकांच्या कणांची शक्यताही नोंदवली होती. नंतर विकसित झालेल्या सिद्धांतानुसार अट एकच, की घटकांच्या ‘रंगां’ची बेरीज शून्य व्हावी. हा रंग विद्युतभारासारखा एक गुणधर्म असून डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील एलएचसीबी प्रयोगाने जुलै २०२१ मध्ये जाहीर केलेला टी-सीसी-प्लस हा कण मला अशा कणांमध्ये सर्वांत विलक्षण वाटतो. त्यात दोन चार्म क्वार्क, एक अप प्रतिक्वार्क आणि एक डाऊन प्रतिक्वार्क आहे (चार्म, अप, डाऊन ही क्वार्कच्या प्रकारांची नावे). चार्मचा प्रतिक्वार्क त्यात नसल्यामुळे हे दोन चार्म परस्परांना नष्ट करू शकत नाहीत, आणि हा साधा मेसॉनच असावा अशी शंका घ्यायलाही जागा उरत नाही. तो क्षणात फुटून दोन डी-शून्य (प्रत्येकात एक चार्म क्वार्क असलेले मेसॉन) आणि एक पायॉन (सर्वांत हलका मेसॉन) देतो. डी-शून्य काही मिलिमीटर जाऊन स्वतःही फुटतात, आणि त्यांच्या तुकड्यांच्या मार्गांवरून मूळ कणाचे वस्तुमान काढले जाते. अशा वस्तुमानांच्या आलेखावर उभे राहिलेले अरुंद शिखर अवघ्या ११७च्या आसपास घटनांचे होते.

खरी गंमत त्या वस्तुमानात आहे. डी-शून्य आणि त्याच्याच कुळातला डी-स्टार-प्लस या दोन मेसॉनांच्या वस्तुमानांची बेरीज सुमारे ३८७५ एमईव्ही (कणांचे वस्तुमान आणि ऊर्जा मोजण्याचे एकक) भरते, आणि टी-सीसी त्याहून केवळ ०.३ एमईव्हीच्या आसपास हलका आहे. हा कण त्या दोन मेसॉनांचा सैल ‘रेणू’ आहे असे मानले, तर ही तूट म्हणजेच त्याची बंधन ऊर्जा, म्हणजे जोडी तोडायला लागणारी ऊर्जा. पुंजयामिकीनुसार बंधन जितके दुबळे, तितका जोडीचा तरंग दूरवर पसरतो; पसाऱ्याची लांबी बंधन ऊर्जेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि जोडीतले कण जड असतील तर ती कमी होते. ड्यूटेरॉनच्या (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांच्या जोडीच्या) २.२ एमईव्ही बंधन ऊर्जेतून ती सुमारे ४.३ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख-कोटीवा भाग) येते, तर टी-सीसीसाठी सात-आठ फेम्टोमीटर. प्रोटॉनची त्रिज्या मात्र ०.८४ फेम्टोमीटरच आहे. हॅड्रॉनांना, म्हणजे क्वार्कांपासून बनलेल्या कणांना, एकत्र ओढणारे बल साधारणतः एक-दोन फेम्टोमीटरपर्यंतच प्रभावी असते. म्हणजे हे दोन मेसॉन बहुतांश वेळ त्या बलाच्या पल्ल्याबाहेर असूनही एकमेकांशी बांधलेले राहतात.

चारही क्वार्क एकाच घट्ट गाठीत असावेत, असे मानणारा पक्षही आहे. मला रेणूची कल्पना अधिक पटते. चार्मच्या जागी त्याहून जड बॉटम क्वार्क ठेवले, तर मात्र गणिते खूप घट्ट बांधलेला कण दाखवतात, इतका घट्ट की क्वार्कांना बांधणाऱ्या प्रबल बलाने तो फुटणारच नाही आणि त्याला त्याहून कितीतरी सावकाश काम करणाऱ्या क्षीण बलाच्याच वाटेने मोडावे लागेल.