सप्रेसर आणि मझल ब्रेक : खांद्याला सारखे, कानाला उलटे

शिकारीच्या रायफलच्या नळीला टोकाशी आटे पाडलेले असले की तिथे बहुधा दोनांपैकी एक वस्तू चढवलेली दिसते : सप्रेसर, म्हणजे बाराचा आवाज दाबणारं नळकांडं, किंवा मझल ब्रेक, म्हणजे वायू बाजूंना वळवणारा खिडक्यांचा तुकडा. दोन्ही धातूच्या, दोन्ही आट्यांवर फिरवून बसवायच्या, आणि दोन्हींमुळे खांद्याला बसणारा धक्का कमी होतो. त्यामुळे नवख्या माणसाला दोन्ही एकाच कुळातल्या वाटतात. तो धक्का कमी करणारं काहीतरी मागतो आणि ब्रेक घेऊन येतो. पहिल्या गोळीनंतर खांदा खूश असतो, पण कानांत दडे बसलेले असतात.

हा फरक कळायला नळीच्या तोंडाशी काय घडतं ते बघावं लागतं. गोळी बाहेर पडते त्या क्षणी तिच्या मागे जळलेल्या दारूचा वायू असतो आणि त्याचा दाब अजूनही वातावरणाच्या दाबाच्या कित्येक शेपट असतो. .३०८ विंचेस्टरचं नेहमीचं काडतूस घ्या. गोळी ९.७ ग्रॅमची, दारू ३ ग्रॅमच्या आसपास. गोळी सेकंदाला साधारण ८५० मीटर वेगाने सुटते आणि वायू तिच्याहून बराच वेगाने. म्हणून वजनाने किरकोळ दिसणारी ही दारू एकूण धक्क्यातला पाव ते एकतृतीयांश वाटा उचलते. गोळीचं आपण काही करू शकत नाही, वायूचं करू शकतो. दोन्ही उपकरणं त्या वायूवरच काम करतात, पण अगदी वेगळ्या रीतीने.

मझल ब्रेकला बाजूंना खिडक्या असतात आणि प्रत्येक खिडकीच्या पुढच्या अंगाला एक भिंत. पुढे धावणारा वायू त्या भिंतीवर आदळतो, रायफलला पुढे ढकलतो आणि स्वतः डावी-उजवीकडे, थोडा मागेही वळतो. मागे येणारा धक्का त्या पुढच्या ढकलण्याने कापला जातो. चांगला ब्रेक तो ३० ते ५० टक्क्यांपर्यंत कमी करतो. नुसता धक्का मोजायचा तर सप्रेसर इथे सहसा मागे पडतो. मात्र ब्रेक वायूचा जोर जिरवत नाही, फक्त त्याची दिशा बदलतो. जो आवाज एरवी बराचसा पुढे गेला असता, तो आता झाडणाऱ्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्याच्या अंगावर येतो.

सप्रेसरचं काम याच्या उलट. तो म्हणजे बंद नळकांडं, आत एकामागून एक पडदे आणि प्रत्येकाच्या मधोमध गोळी जाण्यापुरतं भोक. गोळी सरळ निघून जाते. वायू पडद्यांमध्ये अडतो, पसरतो, घुसळला जातो, थोडा थंड होतो आणि मग सावकाश बाहेर पडतो. हायरम पर्सी मॅक्सिम यांना अशा उपकरणाचं अमेरिकेतलं पेटंट १९०९ मध्ये मिळालं. मशीनगन बनवणाऱ्या हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांचे ते चिरंजीव. इंजिनाच्या धुराड्यातून येणारा आवाज दाबण्यावरही त्यांनी काम केलं.

आता कानाकडे येतो, कारण खरी निवड तिथेच होते. उघड्या नळीच्या शिकारी रायफलचा बार साधारण १६० ते १७० डेसिबलचा. अशा क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही कानाच्या धोक्याची रेषा मानली जाते. डेसिबलचे आकडे साध्या बेरजेचे नसतात. ६ डेसिबल वाढले की आवाजाचा दाब दुप्पट होतो, २० वाढले की दहापट. ब्रेकमुळे झाडणाऱ्याच्या कानाशी पाच-दहा डेसिबलची भर पडते. ऐकायला किरकोळ वाटते, पण तो दाब दुपटी-तिपटीने वाढलेला असतो. सप्रेसर २० ते ३० डेसिबल कमी करतो, म्हणजे दाब दहाव्या हिश्शावर किंवा त्याखाली येतो आणि आवाज १४० च्या आसपास किंवा थोडा खाली उतरतो.

म्हणजे आवाज नाहीसा होत नाही. सिनेमात ऐकू येणारी ती 'फुस्स' शिकारीच्या रायफलला लागू नाही. एक तर जे उरतं तेही मोठंच असतं. दुसरं म्हणजे गोळी आवाजापेक्षा दुपटीहून वेगाने जाते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्यामुळे गोळी वाटभर हवेत जो कडाका उडवत जाते, त्याला नळीच्या टोकावरचं कोणतंही उपकरण हात लावू शकत नाही. सप्रेसर चोरट्या शिकारीसाठीच असतो असा जो आक्षेप घेतात, त्यात ही गोष्ट हमखास विसरली जाते. आवाजापेक्षा संथ गोळ्या मिळतात, पण त्यांच्यात जोर इतका कमी असतो की मोठ्या जनावरावर त्या झाडणं म्हणजे त्याला जखमी करून सोडण्याचा धोका पत्करणं. मला ते मान्य नाही.

हे सगळं मी इतकं ताणून सांगतो, कारण अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. एकच बार कानाला कायमचा अधू करू शकतो. शिकारीत माणूस कानांवर काही न घालता बसतो, कारण त्याला पानांची सळसळ ऐकायची असते. चाप ओढायच्या क्षणी इअरमफ शोधायला वेळ नसतो. त्यात बाजूला वाटाड्या असतो, सोबती असतो, पायाशी कुत्रा असतो. ब्रेकच्या खिडक्या नेमक्या त्यांच्याकडे तोंड करून असतात. शेजारी पालथं पडलेल्या माणसाला तो झोत गालावर चापट बसावी तसा लागतो, आणि कोरड्या जमिनीवर धुळीचा असा लोट उठतो की गोळी लागली की नाही तेही दिसत नाही. धक्का सोसण्याचा निर्णय ज्याचा त्याचा. शेजाऱ्याच्या कानाचा निर्णय आपण घेऊ नये.

नेमबाजीच्या अंगानेही ब्रेकचा फायदा वाटतो तेवढा नसतो. माणूस चाप ओढताना दचकतो तो धक्क्याला जितका, तितकाच आवाजालाही. ब्रेक एक भीती घालवतो आणि दुसरी वाढवतो. .३३८ लापुआसारख्या दणकट काडतुसाचा सराव मैदानावर, कानांत बोळे आणि वरून इअरमफ घालून करायचा असेल तर ब्रेक जरूर लावा. रानात मात्र मी सप्रेसरच्याच बाजूचा आहे.

सप्रेसरची किंमतही मोजावी लागते. नळीच्या टोकाला तीन-चारशे ग्रॅम किंवा जास्तच वजन लटकतं आणि पंधरा-वीस सेंटिमीटर लांबी वाढते. दाट झुडपांत हे लगेच जाणवतं. नळीवर मागे सरकून बसणारे सप्रेसर लांबीचा त्रास कमी करतात. लागोपाठ चार-पाच गोळ्या झाडल्या की तो चटका बसण्याइतका तापतो आणि दुर्बिणीसमोर गरम हवा नाचू लागते. संध्याकाळी उतरवून उलटा धरला तर आतून राखाडी-काळं पाणी ओघळतं. जळलेल्या दारूची वाफ आत थिजून ते झालेलं असतं. तो रात्रभर नळीवरच राहिला तर तेच पाणी नळीच्या तोंडाला गंज चढवतं. म्हणून उतरवायचा, दोन्ही वेगवेगळे वाळवायचे.

कायद्याने मात्र या दोघांत मोठी दरी आहे. अमेरिकेत १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने सप्रेसरवर २०० डॉलरचा कर आणि नोंदणी लादली. जानेवारी २०२६ पासून कर शून्यावर आला, नोंदणी कायम आहे. ब्रेकला तिथल्या केंद्रीय कायद्यात असं काहीच नाही. तिथे ब्रेक इतका पसरला त्याचं बरंचसं कारण मला यातच दिसतं. नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंडमध्ये सप्रेसर ही शिकाऱ्यांची रोजची वस्तू आहे. जर्मनीने २०२० मध्ये परवानाधारक शिकाऱ्यांना तो घेणं सोपं केलं.

ब्रेक काढून सप्रेसर चढवणार असाल तर आधी आट्यांचं माप जुळतंय ना ते बघा. एम१४ बाय १ आणि एम१५ बाय १ (म्हणजे १४ आणि १५ मिलिमीटर व्यासाचे, १ मिलिमीटर अंतराचे आटे) दिसायला सारखेच वाटतात. सप्रेसर नळीच्या रेषेत सरळ बसतो का ते बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून तपासून घ्या. तिरका बसला तर गोळी आतल्या पडद्याला घासते. टोकावरचं वजन बदललं की गोळी लागण्याची जागाही बदलते, तेव्हा नेम नव्याने जुळवा आणि तो सप्रेसर लावूनच जुळवा. सराव करताना दर काही गोळ्यांनंतर तो सैल तर झाला नाही ना ते बघा, मात्र रायफल रिकामी करून आणि हातात जाड मोजा घालूनच. सरावाच्या मैदानावर सप्रेसर असला तरी कान झाकलेलेच ठेवा.