कोर्ट मार्शलमध्ये शिक्षा झाली, आता अपील कुठे आणि कसं करायचं? (पुण्यातल्या ऑफिसर्ससाठी)

घोरपडी, वानवडी, खडकीकडच्या घरांतून हा प्रश्न सारखा येतो म्हणून नीट लिहून ठेवतोय. जनरल कोर्ट मार्शलने ऑफिसरला शिक्षा सुनावली की घरचे घाबरून आधी शिवाजीनगर कोर्टात धावतात, पण तिथे हे अपील चालतच नाही, वेळ आणि पैसा दोन्ही जातं.

आधी हे लक्षात घ्या की आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम १५३ प्रमाणे शिक्षा कन्फर्म (म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून मंजूर) होईपर्यंत ती वैध धरत नाहीत. त्याआधी कलम १६४(१) खाली कन्फर्म करणाऱ्या अधिकाऱ्याकडे पिटिशन देता येते, आणि कन्फर्म झाल्यावर १६४(२) खाली केंद्र सरकार किंवा लष्करप्रमुखांकडे. पहिली पिटिशन बरेच जण "काय उपयोग" म्हणून सोडून देतात. कृपया सोडू नका, तुमचे मुद्दे तिथेच पहिल्यांदा कागदावर येतात.

मग येतं आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्यदलांच्या प्रकरणांसाठीचं वेगळं न्यायाधिकरण. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने खंत व्यक्त केली होती की कोर्ट मार्शलविरुद्ध साधं एक अपीलही नाही, त्यानंतर कायदा यायला २००७ उजाडलं आणि ट्रिब्युनल सुरू झालं २००९ ला. पुण्यासाठी मुंबई बेंच. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स तिघांनाही चालतं, आणि नोकरीतून काढलं असेल तरी पुण्यात राहणारा माणूस मुंबईलाच अर्ज करू शकतो. बीएसएफ, सीआरपीएफवाल्यांना मात्र हे ट्रिब्युनल नाही.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाची म्हणजे प्रोसिडिंग्जची (कोर्ट मार्शलच्या कामकाजाच्या नोंदीची) पूर्ण प्रत. आर्मी रूल १४७ प्रमाणे कन्फर्मेशननंतर ती मागायचा तुम्हाला हक्क आहे, लेखी मागा आणि पोच घ्या. सोबत चार्जशीट, समरी ऑफ एव्हिडन्स (ट्रायलआधी नोंदवलेले साक्षीपुरावे), शिक्षेची आणि कन्फर्मेशनची ऑर्डर, दिलेल्या पिटिशन्स आणि त्यांची उत्तरं, वकालतनामा, आणि उशीर झाला असेल तर तो माफ करण्याचा वेगळा अर्ज, कारणांसकट.

"माझ्यावर अन्याय झाला" एवढं लिहून भागत नाही. ट्रिब्युनलच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम १५ मध्ये तीन आधार आहेत: निष्कर्ष कायद्याने टिकणारा नाही, कायद्याच्या मुद्द्यावर निर्णय चुकला, किंवा ट्रायलमध्ये अशी गंभीर अनियमितता झाली की त्यातून अन्याय झाला. म्हणून प्रोसिडिंग्ज पानन्‌पान वाचून कुठल्या पानावर काय चुकलं ते लिहा, केस इथेच उभी राहते. शिक्षा कमी होऊ शकते, स्थगित होऊ शकते, पण ट्रिब्युनल ती वाढवूही शकतं (तुमचं म्हणणं ऐकून घेऊनच), हे वकिलाला आधी स्पष्ट विचारा. मिलिटरी कस्टडीत असाल तर जामिनाचा अर्जही इथेच, फक्त फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यात तो अवघड.

तिथेही हरलात तर सुप्रीम कोर्ट, पण त्यासाठी सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा लागतो आणि परवानगीचा अर्ज ट्रिब्युनलकडे ३० दिवसांत करायचा. हायकोर्टाचं दारही बंद नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या निकालानंतर ते जवळपास बंद झालं होतं, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालचा हायकोर्टाचा रिटचा अधिकार शाबूत आहे. पुण्याची रिट मुंबईलाच जाते, कोल्हापूरच्या नव्या सर्किट बेंचमध्ये पुणे जिल्हा नाही.