थांबणारा हात

टिळ्या आमच्याकडे आला तेव्हा पहिले नऊ दिवस त्याने वॉशिंग मशीनच्या मागे काढले. महामार्गावर गाडीने उडवलेलं गावठी कुत्रं, कपाळावर पांढरा ठिपका, मागच्या डाव्या पायाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं. दुधात कुस्करलेली पोळी तो सगळे झोपल्यावरच खायचा. हात पुढे केला तर गुरगुरायचा नाही, पळायचाही नाही. अंग चोरून, नजर दुसरीकडे वळवून नुसता पडून राहायचा. जे व्हायचं ते होऊन जाऊ दे, असं.

आईला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मीही घरात तशीच पडलेली असायचे.

या पडून राहण्याचा शास्त्रीय अभ्यास कुत्र्यांपासूनच सुरू झाला. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचा प्रयोग १९६७ साली प्रसिद्ध झाला. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, पण बाजूची फळी डोक्याने दाबली की झटका थांबायचा. दुसऱ्या गटाला झटके तेवढेच आणि तितकाच वेळ, पण त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नव्हता. मग सगळ्यांना एका पेटीत ठेवलं. मधला बुटका अडसर ओलांडला की झटक्यातून सुटका. पहिल्या गटातली कुत्री उडी मारून मोकळी झाली. दुसऱ्या गटातली बरीचशी जागीच बसून झटके सोसत राहिली. हे वाचताना माझ्या पोटात कालवतं. असे प्रयोग पुन्हा कुणी करू नयेत.

‘शिकलेली असहायता’ म्हणून ही गोष्ट मानसशास्त्राच्या पुस्तकांत आली. पण तिचे पुढचे दोन भाग फारसे कुणी सांगत नाही. १९६८ मध्ये याच संशोधकांनी हरलेल्या कुत्र्यांना पट्ट्याने ओढून अडसराच्या पलीकडे नेलं. एकदोनदा नाही, पुन्हा पुन्हा. हळूहळू ओढ कमी लागू लागली आणि शेवटी ती आपली आपण उडी मारू लागली.

दुसरा भाग यायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. मायर यांनी मधल्या काळात उंदरांच्या मेंदूवर बारकाईने काम केलं होतं. त्याच्या आधारे २०१६ मध्ये दोघांनी आपलाच सिद्धांत उलटा केला. दुःख लांबलं की गळाठून जाणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. मेंदूच्या खोडातल्या, सेरोटोनिन स्रवणाऱ्या पेशींचा एक पुंजका ती घडवून आणतो. शिकावं लागतं ते वेगळंच: माझ्या करण्याने काही बदलतं. हे कपाळामागच्या भागाला उमगलं की तिथून त्या पुंजक्याला आवर बसतो. हार मुळातच असते आणि आशा कमवावी लागते, असा मी त्याचा अर्थ घेते.

ती कमवायला फार काही लागत नाही, हे हंगेरीतल्या संशोधकांच्या २००१ मधल्या एका अभ्यासातून कळतं. निवारा केंद्रातल्या प्रौढ कुत्र्यांना एका अनोळखी माणसाचा सहवास दिला, दहा-दहा मिनिटं, फक्त तीन वेळा. तेवढ्यावर ती त्या माणसाशी पाळीव कुत्र्यांनी मालकाशी वागावं तशी वागू लागली. आपल्याकडे कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास केला. अनोळखी माणसावर भरवसा बसायला वारंवार खाऊ घालण्यापेक्षा वारंवार कुरवाळणं जास्त उपयोगी पडलं. बिस्किटांचे पुडे घेऊन फिरणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

टिळ्याच्या डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं होतं, ‘तीन मोजेपर्यंत कुरवाळा आणि हात काढून घ्या. त्याने मान वळवली तर लगेच थांबा.’ मी मशीनला पाठ टेकून बसायचे, त्याच्याकडे न बघता. घाबरलेल्या कुत्र्याला रोखलेली नजर म्हणजे धमकीच वाटते. दहाव्या दिवशी माझ्या कोपराला ओलं नाक लागलं. एक, दोन, तीन, हात मागे. त्याने थुंकी गिळली, जांभई दिली आणि डोकं माझ्या तळहाताखाली घुसवलं. माझ्या कुरवाळण्याने हे झालं नव्हतं. थांबवलं की हात थांबतो, हे त्याला कळलं होतं. त्याच्यापुरती ती डोक्याने दाबायची फळी होती.

नजर मिळवायला तो पुढे दोन महिन्यांनी शिकला. जपानमधल्या अझाबु विद्यापीठाने २०१५ मध्ये दाखवलं होतं की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले की दोघांच्याही लघवीतलं ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करणारं हेच संप्रेरक. माणसांनी हाताने वाढवलेल्या लांडग्यांत असं काही दिसलं नाही. ऑक्सिटोसिनने माझी आई परत येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पहाटे सहाला साखळी तोंडात धरून कुणीतरी उशाशी उभं राहायचं, मी उठले की ते शेपूट हलवायचं. माझ्या उठण्याने जगात काहीतरी बदलत होतं.

आई रोज पहिली पोळी कुत्र्यासाठी काढून ठेवायची. मला ती नुसती रीत वाटे. आता मीही काढते.

त्याच १९६७ च्या संशोधनात आणखी एक निरीक्षण आहे. ज्या कुत्र्यांना आधी झटक्यातून सुटता आलं होतं, ती पुढे न थांबणाऱ्या झटक्यांनंतरही हरली नाहीत. एक प्रकारची लसच. गेल्या दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब वाजला तसा टिळ्या मशीनमागे गेला. मी पाण्याचा वाडगा ठेवला आणि पाठ टेकून बसले. फटाके चालूच होते. साधारण पाऊण तासाने तो आपला आपण बाहेर आला, थरथरतच, आणि माझ्या पायावर हनुवटी टेकून दाराकडे बघत राहिला.