विषारी फळाची आवड मेंदूत कुठून येते?

मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात नोनीच्या रसाची बाटली हमखास दिसते. हे फळ ज्या झाडाचं, त्याला आपल्याकडे बारतोंडी किंवा आल म्हणतात आणि कोकण किनाऱ्याला ते काही नवं नाही. हिरवट-पांढरं, अंगभर डोळे असल्यासारखं हे फळ पिकलं की त्याला असा खवट दर्प सुटतो, की बाटलीवर गुणांची यादी कितीही लांब असली तरी चवीबद्दल सहसा अवाक्षर नसतं.

आता स्वयंपाकघरातली चिलटं आठवा. केळी जरा जास्त पिकली किंवा आंब्याच्या साली रात्रभर डब्यात राहिल्या, की सकाळी लाल डोळ्यांच्या, दोन-अडीच मिलिमीटरच्या माश्या घिरट्या घालताना दिसतात. त्यांच्यातली सर्वांत प्रसिद्ध जात म्हणजे ड्रॉसोफिला मेलॅनोगास्टर. ताजं पिकलेलं नोनी तिच्यासाठी विष आहे. त्यातलं ऑक्टॅनोइक आम्ल तिला मारतं. पण हिंदी महासागरातल्या सेशल्स बेटांवर तिच्याच गोतावळ्यातली एक जात, ड्रॉसोफिला सेशेलिया, जवळजवळ फक्त याच फळावर जगते. खाणं तिथेच, जोडीदार तिथेच, अंडीही तिथेच. दोन्ही माश्या शेजारी ठेवल्या, तर भिंगाखाली धरल्याशिवाय वेगळ्या सांगता यायच्या नाहीत. एकीला जे विष, ते दुसरीला माहेर. हा फरक पडला कुठे?

'जनुकात' हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. दर काही महिन्यांनी 'निष्ठेचं जनुक सापडलं', 'रागाचं जनुक सापडलं' अशी एखादी बातमी येते आणि दिवसभर सगळ्या ग्रुपवर फिरते. या मथळ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. जनुकात असते ती एखादं प्रथिन कसं बनवायचं, कोणत्या पेशीत, कधी आणि किती, याची नोंद. प्रथिनाला राग येत नाही. राग यायला चेतापेशी लागतात, त्यांच्या एकमेकींशी जोडण्या लागतात आणि त्या जोडण्यांतला जोरही लागतो. जनुकातला बदल या साखळीच्या कोणत्या कडीत उतरला, हे कळेपर्यंत वर्तन कसं बदललं हे कळलं असं म्हणता येत नाही.

या शोधाचा एक धागा थेट कुलाब्यातून जातो. अमेरिकेत कॅल्टेक या विद्यापीठात सीमोर बेन्झर यांनी 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात एक धाडसी कल्पना लढवली: माश्यांमध्ये रसायनांनी उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांत बदल, घडवायची आणि वागण्यात बिघाड झालेल्या माश्या वेचून काढायच्या. 1971 मध्ये त्यांचा विद्यार्थी रॉन कोनोप्का याने दिवस-रात्रीचं घड्याळ बिघडलेल्या माश्या शोधल्या. एका प्रकाराचा दिवस 19 तासांचा, दुसऱ्याचा 28 तासांचा, तिसऱ्याला घड्याळच नाही आणि तिन्ही बिघाड एकाच जनुकात. त्याच 'पीरियड' जनुकाचा पाठपुरावा करणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं.

कुलाब्यातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी होमी भाभांच्या निमंत्रणावरून 1962 मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला होता. ते मूळचे सूक्ष्मजीवांच्या जनुकांचे अभ्यासक. 1970 च्या दशकात ते बेन्झरकडे गेले आणि दोघांनी मिळून एका विचित्र प्रकारच्या माश्यांच्या चेतापेशींचा अभ्यास केला. या माश्या एरवी धडधाकट असतात, पण तापमान चढलं की लुळ्या पडतात आणि थंडाव्यात आणल्या की उठून चालू लागतात. (काही प्रकारांना तीस अंशांच्या आसपासचं तापमानही पुरतं; मुंबईच्या मे महिन्यात वातानुकूलित खोलीबाहेर त्यांचं काही खरं नव्हतं.) चेतापेशींतून संदेश जाण्यासाठी लागणारी प्रथिनं उष्णतेत बिघडत होती.

मुंबईत परतल्यावर सिद्दिकींनी चव आणि वासाचा मार्ग धरला. केनियात जन्मलेल्या आणि डब्लिनहून शिकून इथे पीएचडीला आलेल्या वेरॉनिका रॉड्रिग्ज या कामात त्यांच्या जोडीला होत्या. चवीची अशी चाचणी ऐकायला फार साधी असते. बशीत अगारचा जेलीसारखा थर, काही भागांत साखर, काही भागांत कडू क्विनाइन किंवा मीठ आणि यांतल्या एका प्रकारात खाण्याचा रंग मिसळलेला. भुकेल्या माश्या आत सोडायच्या आणि थोड्या वेळाने भिंगाखाली त्यांची पोटं बघायची. माशीचं पोट पातळ असतं, रंग बाहेरून दिसतो. जिने नको ते खाल्लं, तिची चवीची यंत्रणा कुठेतरी वेगळी आहे. अशा शेकडो पोटांमधून चव किंवा वास न कळणाऱ्या माश्यांचे वंश त्यांनी वेगळे काढले. प्रतिष्ठित वाटावं असं ते काम नव्हतं, पण पुढे भारतात फळमाशीच्या मेंदूवर जे काही उभं राहिलं, त्याचा पाया तिथेच पडला.

पण बिघडवून शिकण्याला मर्यादा आहे. जनुक मोडल्यावर वर्तन कोलमडतं, एवढ्याने ते जनुक त्या वर्तनासाठी गरजेचं आहे इतकंच कळतं. निसर्गात एका जातीची दुसरी होताना तेच जनुक बदललं का, याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी सेशेलियासारखी, निसर्गाने आधीच बदलून ठेवलेली माशी हाताशी लागते.

स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथल्या रिचर्ड बेंटन यांच्या प्रयोगशाळेने ही माशी अक्षरशः नाकापासून आत वाचत नेली आहे. माशीचं नाक म्हणजे तिच्या डोक्यावरच्या शृंगिका. त्यांवरच्या बारीक केसांच्या आत वासाच्या चेतापेशी असतात आणि प्रत्येकीवर ठरावीक वास पकडणारं प्रथिन, म्हणजे ग्राही, असतं. एका ग्राहीचं नाव आयआर75बी. मेलॅनोगास्टरमध्ये तो ब्युटिरिक आम्लाला, म्हणजे खवट लोण्याच्या वासाला, जागतो. सेशेलियात या प्रथिनातली मोजकी अमिनो आम्लं बदलली आणि तो नोनीतल्या हेक्झानोइक आम्लाला जागू लागला. दुसरा ग्राही ओआर22ए. लांबवरून नोनीकडे ओढून नेण्यात त्याचा मोठा हात आहे. जनुक-संपादनाने तो काढून टाकलेल्या सेशेलियाला दुरून फळाची वाट सापडेनाशी होते. इथे ग्राहीची संवेदनक्षमता तर बदललीच, शिवाय तो बाळगणाऱ्या चेतापेशींची संख्याही मेलॅनोगास्टरच्या दोन-तीन पट झाली.

जास्त पेशी म्हणजे अंधुक वासही लवकर कळत असेल, असं कुणालाही वाटेल. मोजणी केल्यावर तसं निघालं नाही. या पेशींकडून संदेश घेणाऱ्या पुढच्या पेशींचा प्रतिसाद काही जास्त तीव्र नव्हता. फरक पडला तो चिकाटीत: वासाचा माग लागल्यावर माशी तो सोडत नाही, वाऱ्यात वास तुटक आला तरी त्याच दिशेने उडत राहते. आणखी आत, मेंदूच्या ज्या भागात वासाला जन्मजात प्रतिसाद ठरतो, तिथे याच मार्गावरच्या पेशींना सेशेलियात एक जादा फांदी फुटलेली दिसली. एका फळाच्या आवडीसाठी ग्राही, पेशींची संख्या आणि जोडणी असे बदल वेगवेगळ्या पायऱ्यांवर झाले.

विष पचवण्याची क्षमता ही आणखी वेगळी गोष्ट, तिच्यामागची जनुकं वेगळी. म्हणजे आवड आणि सहनशक्ती एकाच उडीत आलेली नाही. या सगळ्या खटाटोपाचा फायदा उघड आहे: नोनी पार सडलं की त्यातलं विष ओसरतं आणि मग इतर माश्याही येतात. सेशेलिया त्याआधीच पोटभर खाऊन, अंडी घालून मोकळी झालेली असते.

इथपर्यंत वाचून वाटेल की बदल प्रामुख्याने नाकातच होतो. प्रणयाच्या बाबतीत गणित उलटं निघालं. ड्रॉसोफिलाचा नर मादीच्या मागे जाऊन पुढच्या पायाने तिच्या अंगाला हलकेच टपली मारतो. पायावर चवीच्या पेशी असतात, त्यामुळे ही टपली म्हणजे चाखणंच. मेलॅनोगास्टरच्या मादीच्या अंगावर 7,11-हेप्टाकोसाडाईन नावाचं मेणासारखं रसायन असतं. ते चाखलं की तिच्याच जातीचा नर चेकाळतो, एक पंख आडवा पसरून तो थरथरवतो आणि 'गाऊ' लागतो. सिम्युलन्स या जवळच्या जातीच्या नराने तेच चाखलं, तर तो मागे फिरतो. परजातीची मादी ओळखायची त्याची ती खूण आहे.

न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात व्हेनेसा रुटा यांच्या गटाने 2018 मध्ये या दोन नरांचे मेंदू तुलनेला घेतले. पायावरच्या चेतापेशी दोन्ही जातींत ते रसायन सारखंच ओळखतात. तिथून निघणारा संदेश मेंदूत दोन वाटांनी जातो: एक वाट प्रणय सुरू करणाऱ्या 'पी1' पेशींना चेतवते, दुसरी त्यांना दाबते. मेलॅनोगास्टरमध्ये चेतवणारी वाट भारी पडते, सिम्युलन्समध्ये दाबणारी. कल्याणपर्यंत कसारा आणि कर्जतची लोकल एकाच रुळावरून येते, पुढे सांधा कोणत्या बाजूला लावलाय यावर गाडी कुठे जाणार ते ठरतं, तसलाच प्रकार. गंमत म्हणजे सिम्युलन्सच्या नरातही पी1 पेशी कृत्रिमरीत्या चेतवल्या की तो प्रणयाला लागतो. प्रणयाची सगळी यंत्रणा जागेवरच होती. उत्क्रांतीने ती नव्याने बांधली नाही, फक्त दोन वाटांचा तोल बदलला. मला या क्षेत्रातलं हे सर्वांत सुंदर काम वाटतं, कारण 'नवं वर्तन म्हणजे नवा मेंदू' ही समजूत त्याने एका टपलीत उडवून लावली.

माशीबाबत इतक्या बारकाईने बोलता येतं, कारण तिचा मेंदू हाताच्या आवाक्यात आहे. 2024 मध्ये प्रौढ मादीच्या मेंदूचा पूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला: सुमारे 1 लाख 39 हजार चेतापेशी आणि 5 कोटींहून अधिक जोडण्या. सस्तन प्राण्यांकडे वळलं की पाय जड होतात. अमेरिकेच्या आग्नेय भागातला ओल्डफील्ड उंदीर लांब बीळ खणतो आणि मागच्या बाजूने एक आणीबाणीचा बोगदाही काढतो, जो जमिनीच्या जरा खाली थांबतो. डिअर माऊस या त्याच्या भाऊबंदाचं बीळ आखूड, मागचा बोगदा नाहीच. पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले उंदीरही माती मिळाली की आपापल्या जातीसारखंच खणतात. हार्वर्डमध्ये होपी होक्स्ट्रा यांच्या गटाने दोघांचा संकर केला, आणि 2013 मध्ये दाखवलं की बिळाच्या लांबीमागे जनुकसंचातले तीन वेगळे भाग आहेत आणि मागच्या बोगद्यामागे आणखी एक. संकरित पिल्लांत हे गुण सुटेसुटे उतरतात. लांब बीळ, पण मागचा बोगदा नाही, असंही घडतं. त्या भागांतली नेमकी जनुकं उंदराच्या मेंदूत काय करतात, ही पुढची आणि फार लांबची वाट.

'निष्ठेचं जनुक' हा मथळा ज्यांच्यामुळे जन्मला, त्या व्होल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांची कथा तर मध्येच वळण घेते. गवताळ प्रदेशातला प्रेअरी व्होल जोडीदाराशी बांधलेला राहतो, त्याचा चुलतभाऊ मेडो व्होल राहत नाही. 2004 मध्ये मेडो व्होलच्या नरांच्या मेंदूत विशिष्ट ठिकाणी व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचे ग्राही वाढवले, तेव्हा ते ओळखीच्या मादीजवळ रेंगाळू लागले. ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकाचे ग्राही औषधाने रोखले की प्रेअरी व्होलची जोडी जमत नाही, हेही दिसलं होतं. मथळे झटपट छापून आले. मग 2023 मध्ये संशोधकांनी ऑक्सिटोसिन-ग्राहीचं जनुकच काढून टाकलेले प्रेअरी व्होल तयार केले. त्यांच्याही जोड्या जमल्या. प्रौढ मेंदूत औषधाने अचानक वाट अडवणं आणि ती वाट जन्मापासूनच नसणं यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात मेंदू घडता घडता पर्यायी रस्ता काढत असावा, असा या विसंगतीचा एक अर्थ लावला जातो. दुसरा अर्थ असा की जुनी औषधं वाटली होती तितकी नेमकी नव्हती, आणि ती त्या ग्राहीखेरीज आणखी कशाला तरी अडवत होती.