सोलापूरच्या लायसनवरचा ‘३२ बोअर’ कुठून आला?

निवडणुकीची आचारसंहिता लागली की सोलापुरातल्या पोलीस ठाण्यांत एक ठरलेली वर्दळ सुरू होते. छाननीत ज्यांची नावं निघाली ते परवानाधारक आपापली हत्यारं जमा करायला येतात. बहुतेक बंदुका शेताच्या राखणीच्या, बाराबोअरच्या. मधूनच एखादं रिव्हॉल्व्हर, एखादं पिस्तूल. पिस्तुलं निरनिराळ्या देशांची आणि निरनिराळ्या वयांची असतात, पण नोंदवहीत त्यांच्यापुढे बहुतेक वेळा एकच आकडा पडतो : ३२ बोअर. बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप, इथं .३२ इंच. जवळ बाळगायला भरवशाचं पिस्तूल कोणतं घ्यावं, असं कुणी विचारलं तर म्हणूनच आधी हे सांगावं लागतं की निम्म्याहून अधिक निवड तुमच्या जन्माआधीच होऊन गेली आहे.

सुरुवात १८५७च्या धसक्यापासून करावी लागते. उठाव मोडल्यावर लोकांकडची हत्यारं काढून घेण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं आणि १८७८मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात त्याला पक्क्या कायद्याचं रूप आलं. हिंदी माणसाला हत्यारासाठी परवाना लागू लागला, युरोपियनांना नियमांतून सूट मिळाली. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. एकाच वर्षात तोंड बांधलं आणि हातही. संस्थानिकांची गोष्ट वेगळी होती. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार पाहिलं की तलवारींपासून बंदुकांपर्यंत काय काय त्यांच्याकडे राहिलं होतं याचा अंदाज येतो.

बोअरची भानगड मात्र थोडी नंतरची आहे. १९०७च्या सुमारास सरकारनं हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी आणली. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्रीची गोळी त्याच मापाची होती, आणि सरकारी कोठारातून चोरलेला दारूगोळा बंडखोरांच्या बंदुकीत बसू नये हा त्यामागचा हिशेब होता. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी लगेच .४७०सारखी नवी मापं काढली आणि वाघाच्या शिकारीला येणाऱ्या साहेबांची सोय केली. बंदी फसली म्हणा हवं तर, पण हिशेब मागे उरला : जे फौजेचं माप, ते रयतेला नाही. साहेब गेले, तरी हा हिशेब आपण तसाच ठेवला.

इकडे युरोपात त्याच काळात पिस्तूल बदलत होतं. हिराम मॅक्झिमनं १८८४च्या सुमारास गोळीच्या धक्क्यावरच पुढची गोळी भरणारी मशीनगन दाखवली. १८९३मध्ये बोर्शार्टचं पिस्तूल आलं, १८९६मध्ये माउझरचं. दोन्ही अवजड होती, खिशात मावण्यासारखी नव्हती. ते काम जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिरानं केलं. बेल्जियमच्या एफएन कारखान्यानं त्याचं १९००चं मॉडेल काढलं आणि त्याच्यासाठी ७.६५ मिलिमीटरचं एक छोटं काडतूस बाजारात आणलं. अमेरिकेत त्यालाच .३२ म्हणतात. नळीवरून मागे-पुढे सरकणारी स्लाइड ही ब्राउनिंगचीच कल्पना. गोळी सुटली की दाबानं रिकामं काडतूस मागे ढकललं जातं, ते स्लाइडला मागे लोटतं, कवच बाहेर पडतं, आणि स्प्रिंग स्लाइडला पुढे आणताना मॅगझिनमधली, म्हणजे मुठीतल्या गोळ्यांच्या पेटीतली, पुढची गोळी नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये सारते. गोळी सुटताना स्लाइड जागेवर धरून ठेवणारं वेगळं कुलूप नाही. सगळा भार स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगच्या ताकदीवर. एवढ्या लहान काडतुसाला तेवढं पुरतं.

या यंत्राला लोक तेव्हापासून ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. ते चुकीचं आहे. चाप दर वेळी नव्यानं ओढावा लागतो, म्हणून हे अर्धस्वयंचलित. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात असं हत्यार आपल्या कायद्यात निषिद्ध शस्त्रांमध्ये मोडतं आणि सामान्य परवान्यावर ते येत नाही.

हीच ब्राउनिंगची पिस्तुलं महाराष्ट्राच्या इतिहासात शिरली ती नाशकात. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या खोट्या तळातून हिंदुस्थानात पाठवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या त्या त्यांतल्याच पिस्तुलानं. पुढे भगतसिंगांकडे कोल्ट या अमेरिकी कंपनीचं .३२चं पिस्तूल होतं. अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात आझाद लढले तेही .३२च्या कोल्टनंच. कोल्टचं हे मॉडेल पुन्हा ब्राउनिंगचंच. सरकारनं फौजेची मापं जपली, आणि क्रांतिकारकांच्या हाती आलं ते खिशातलं, नागरी माप. मला या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत गमतीची वाटते.

सोलापुरानं १९३०मध्ये जे पाहिलं त्यात लोकांच्या हाती पिस्तूल नव्हतं. मे महिन्यात पोलिसांचा गोळीबार झाला, १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. दोन-अडीच महिन्यांनी भरलेल्या काँग्रेसच्या कराची अधिवेशनानं मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता हे आज फार जणांना ठाऊक नसतं.

तो हक्क राज्यघटनेत आला नाही. डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामतांनी तशी दुरुस्ती मांडली, आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. त्याच्या तीनच महिने आधी, १३ सप्टेंबरला, हैदराबादवरच्या कारवाईतली मुख्य फौज सोलापुराहून नळदुर्गाच्या रस्त्यानं निघाली होती. सीमेलगतच्या गावांतली जुनी माणसं लायसनच्या बंदुकीचा विषय निघाला की अजून रझाकारांच्या दिवसांवर येतात. शस्त्र हवं की नको, हा प्रश्न इथं पुस्तकी नव्हता.

१९५९चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२पासून लागू झाला. १८७८चा कायदा गेला, पण परवाना राहिला आणि निषिद्ध बोअरची कल्पनाही राहिली. ९ मिलिमीटर, .३८, .४५५, .३०३ ही फौज-पोलिसांची मापं सामान्य माणसाला बंद. जगभर ज्या ग्लॉक पिस्तुलाची चर्चा असते ते १९८२मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं घेतलं ते ९ मिलिमीटरमध्ये, म्हणून इथल्या परवानाधारकाच्या यादीत ते बसत नाही. उरलं मुख्यतः .३२. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी हत्यारांची आयातही सामान्य परवानाधारकाला जवळपास बंद झाली. परिणाम असा की कुणाच्या तरी आजोबांचं वॉल्थर किंवा वेब्ली हातोहात फिरत राहिलं आणि त्याची किंमत वयाबरोबर वाढत गेली. देशी पर्याय सरकारी कारखान्यांतून आले. इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीचं ‘अशनी’ पिस्तूल, कानपूरची .३२ रिव्हॉल्व्हरं, २०१४मध्ये आलेलं हलकं ‘निर्भीक’. गेल्या काही वर्षांत खासगी कारखानेही उतरले आहेत.

निवड करताना नावाला भुलू नये. ऐंशी वर्षांच्या जर्मन पिस्तुलाची नळी झिजलेली, स्प्रिंग मेलेली आणि मूळ मॅगझिन हरवलेलं असेल तर ते कपाटातलं शोभेचं पात्र झालं. या यंत्राचा भरवसा स्लाइडच्या स्प्रिंगवर आणि मॅगझिनच्या ओठांवर, म्हणजे वरची गोळी धरून ठेवणाऱ्या तोंडाच्या कडांवर असतो. ओठ वाकले की गोळी तिरकी चढते. .३२च्या काडतुसाला बुडाशी थोडी कड असते. भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे गेली की दोघी एकमेकींत अडकतात आणि पिस्तूल ऐन वेळी मुकं होतं. म्हणून मॅगझिन भरताना प्रत्येक गोळी पुरती मागे रेटून बसवायची. सुटे भाग मिळतात का, शस्त्रावरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर जुळतो का, हे आधी बघायचं आणि रेंजवर वेगवेगळ्या मॅगझिननं पन्नासेक गोळ्या तरी चालवायच्या. शिवाय रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन निराळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब आणि रुंद कडेचं, पिस्तुलाचं आखूड. दुकानात नुसतं ‘बत्तीसच्या द्या’ म्हणू नये.

सुरक्षिततेचा इतिहासही पिस्तुलाच्या अंगावरच कोरलेला सापडतो. ब्राउनिंगच्या १९००च्या मॉडेलला अंगठ्याची सेफ्टी होती. १९०३च्या मॉडेलला मुठीची सेफ्टी आली. मूठ नीट आवळल्याशिवाय चाप काम करत नाही. १९१०च्या मॉडेलला त्यात मॅगझिनची भर पडली, म्हणजे मॅगझिन काढलं की चाप बंद. ही शेवटची सोय सगळ्या पिस्तुलांना नसते आणि अपघात नेमका तिथंच होतो. माझ्या नात्यातल्या एका काकांनी मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं, ‘रिकामं आहे रे’ म्हणाले आणि भिंतीवरच्या घड्याळाला नेम धरून चाप ओढला. एक गोळी चेंबरमध्ये बसून होती. घड्याळ वाचलं, भिंतीला भोक पडलं. पुढे कितीतरी वर्षं त्या भोकावर सिद्धेश्वराच्या देवळाचं कॅलेंडर होतं.

म्हणून क्रम पाठ हवा. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये डोळ्यानं बघून बोटानं चाचपायचं. नळी सतत मोकळ्या दिशेला, बोट चापाबाहेर. अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या चार नियमांचा प्रसार केला त्यांचा सारही हाच : प्रत्येक हत्यार भरलेलंच समजा, ज्याचा नाश नको त्याच्यावर नळी रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट चापावर नको, निशाणामागे काय आहे ते बघा. जुनं पिस्तूल जमिनीवर आपटलं तर सुटू शकतं, म्हणून ते चेंबर रिकामं ठेवून बाळगावं असं माझं मत.

आपल्याकडे प्रशिक्षण सक्तीचं व्हायला २०१६ उजाडलं. त्या वर्षीच्या नियमांनी परवान्याआधी शस्त्र हाताळणीचं प्रमाणपत्र मागितलं आणि सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल हॉल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि ताब्यात असलं पाहिजे असं सांगितलं. कमरेला उघडं पिस्तूल लावून लग्नात मिरवणाऱ्यांनी हा नियम वाचलेला नसतो. २०१९च्या दुरुस्तीनं आनंदाच्या भरात केलेल्या, दुसऱ्याच्या जिवाला धोका आणणाऱ्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली आणि एका माणसाकडची शस्त्रं तीनवरून दोनवर आणली.

तिसरं हत्यार द्यायचं म्हटल्यावर मंगळवेढ्याकडच्या एका ओळखीच्या घरात चार दिवस बोलणी चालली. आजोबांची बाराबोअर, वडिलांचं रिव्हॉल्व्हर, स्वतःचं पिस्तूल, तिन्ही एकाच लायसनवर. शेवटी बाराबोअर दिली. तिचा दस्ता आजोबांच्या गालाला घासून गुळगुळीत झाला होता.