घरात बिडी-सिगारेट ओढू न देण्याचा नियम (मराठवाडा)

घराच्या आत कुणीही, कधीही, कुठल्याही खोलीत बिडी, सिगारेट, चिलीम पेटवायची नाही असा घरच्याच लोकांनी ठरवलेला नियम. याला कायद्याचा आधार नाही, दंड नाही, पाटी नाही, घरातल्या कुणाचा तरी शब्द चालतो म्हणून तो चालतो. पाहुणा आला की सूट, पाऊस असला की सूट, आजोबांच्या खोलीपुरती सूट असं असेल तर अभ्यासक त्याला अर्धवट नियम म्हणतात, पूर्ण नियमात मोजत नाहीत. स्वतः न ओढणाऱ्या प्रौढांमध्ये हा नियम किती आहे ते वेगळं मोजायचं कारण असं की धूर काढतो एक आणि छातीत जातो दुसऱ्याच्या. जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी १९८१ ला ९१,५४० न ओढणाऱ्या बायकांचा १४ वर्षांचा अभ्यास छापला, नवरा जितका जास्त ओढणारा तितका बायकोला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त असं त्यात निघालं, त्यावर लई वाद झाला पण त्याच वर्षी ग्रीसमधून त्रिकोपुलोस आणि सहकाऱ्यांचा अभ्यासही त्याच दिशेनं आला. २००६ च्या अमेरिकन सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या) अहवालात तर दुसऱ्याच्या धुरानं हृदयरोगाचा धोका २५ ते ३० टक्के आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा २० ते ३० टक्के वाढतो असं दिलंय, आणि खिडकी उघडून किंवा पंखा लावून भागत नाही हेही स्पष्ट लिहिलंय.

नियम किती पसरलाय हे सांगताना सगळ्यात जास्त दिले जाणारे आकडे अमेरिकेचे आहेत. तिथं १९९२-९३ ला ४३ टक्के घरांत पूर्ण नियम होता, २०१०-११ ला ८३ टक्के. कुणीच ओढत नाही अशा घरांत तो ५६.७ वरून ९१.४ वर गेला आणि एखादा तरी ओढणारा आहे अशा घरांत ९.६ वरून ४६.१ वर. पण तिथली अट कडक आहे, घरातल्या १८ च्या पुढच्या ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी 'आत अजिबात नाही' असंच सांगितलं तरच ते घर धरतात. आपल्याकडचा जागतिक प्रौढ तंबाखू सर्व्हे (पहिला २००९-१०, दुसरा २०१६-१७) घरातल्या एकाच माणसाला विचारतो आणि १५ वर्षांच्या पोराला पण प्रौढ धरतो. त्यामुळं तिथला आणि आपला आकडा शेजारी ठेवून अमेरिका किती पुढं आणि आपण किती मागं असं म्हणणारे लेख दिसतात ते घाईचे आहेत.

आपल्या सर्व्हेत उत्तराचे पर्याय चार असतात: ओढू देतो, शक्यतो नाही पण सूट आहे, कधीच नाही, आणि नियमच नाही. खरी गोम शेवटच्या पर्यायात आहे. ज्या घरात तीन पिढ्यांत कुणी बिडी ओढली नाही तिथं नियम करायची वेळच आलेली नसते, मग बाई सरळ सांगते 'आमच्यात तसं काही नाही', आणि ते घर 'नियम नाही' मध्ये जातं. उलट रोज पाच-सहा बिड्या जळणाऱ्या घरातला कर्ता माणूस सर्व्हेवाल्यासमोर 'आत चालत नाही' म्हणून मोकळा होतो. म्हणून त्याच सर्व्हेत 'घरात कुणी किती वेळा ओढतं' हा वेगळा प्रश्न ठेवलाय, आणि देशात घरी धूर लागणाऱ्या प्रौढांचं प्रमाण ५२.३ टक्क्यांवरून ३८.७ वर आलं असं जे छापलं जातं ते या दुसऱ्या प्रश्नातून आलंय, नियमाच्या प्रश्नातून नाही. बातम्यांमध्ये दोन्ही सर्रास एक करतात.

'घराच्या आत' म्हणजे कुठपर्यंत हा त्याहून अवघड मुद्दा. सर्व्हेच्या हिशोबानं बंदिस्त भाग तेवढाच आत, अंगण, गच्ची, ओटा बाहेर. फ्लॅटला हे जमतं. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यात मोठ्या दरवाजातून आत आलं की दोन्ही अंगाला ढाळज असते, वर छत, मागं भिंत, पुढची बाजू चौकाकडं उघडी, आणि गड्यांची बैठक, सोयऱ्यांचं बसणं, पान-तंबाखू सगळं तिथंच. ढाळजेत ओढलेली बिडी आतली का बाहेरची? घरच्या बायांना विचारा, त्यांच्या दृष्टीनं ढाळज बाहेर, सोप्याच्या पुढं माजघर-सैपाकघर तेवढं आत. तान्हं लेकरू ढाळजेतच आजोबाच्या मांडीवर असतं ही गोष्ट निराळी. माळवदाच्या (सपाट मातीच्या छताच्या) घराला उजेडासाठी आणि धुरासाठी साणं, म्हणजे छतात ठेवलेलं भोक, असतं, त्याच्यामुळं धूर निघून जातो असा जुन्या लोकांचा भरवसा असतो, पण वर सांगितलेला २००६ चा अहवाल बघता तो भरवसा टिकत नाही. माझ्या मते ढाळज आतच धरली पाहिजे, भिंती किती ते न बघता तिथं कोण बसतं ते बघून.

हा नियम आला कुठून यावर दोन मतं आहेत. एक मत असं की तो सरकारी मोहिमांतून आला: मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं २ नोव्हेंबर २००१ ला सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद करायचा आदेश दिला, मग २००३ चा तंबाखू कायदा, मग २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम आणि २०० रुपयांपर्यंतचा दंड, आणि तिथून लोकांनी ही सवय घरात नेली. दुसरं मत असं की मराठवाड्यात त्याआधीच एक मर्यादा होती, वडीलधाऱ्यांसमोर ओढायचं नाही. चाळिशीचा माणूस सुद्धा बाप दिसला की बिडी मुठीत झाकतो किंवा विझवून कानावर ठेवतो. ही मर्यादा किती जुनी ते साधारणच सांगता येतं. अकबराचा दूत आसद बेग याला तंबाखू विजापुरात मिळाला आणि त्यानं तो १६०४-०५ च्या सुमाराला अकबराच्या दरबारात नेला, म्हणजे दख्खनमध्ये तो त्याच्या आधी, बहुधा सोळाव्या शतकाच्या अखेरीला, पोर्तुगीजांमार्फत आलेला असावा. जहांगीरनं १६१७ ला मनाई केली पण तेव्हा इकडं अहमदनगरची निजामशाही होती. सिगारेट मात्र फार उशिरा आली, हैदराबादची वजीर सुलतान कंपनी १९३० ची, तिची चारमिनार निजामाच्या मुलखातली म्हणून इथं ओळखीची.

दुसरं मत जास्त पटतं, पण त्यात एक अडचण आहे. मर्यादा माणसाची असते, हवेची नसते. बाप शेतात गेला की पोरगा घरातच पेटवतो, आणि बाप स्वतः ओढणारा असला तर त्याला अडवणारं कुणीच नाही. सून सासऱ्याला तोंडावर सांगू शकत नाही, फार तर नातवाला पुढं करून 'तात्या, भाईर वढा की जरा, लेकरू खोकतंय' एवढं म्हणते. जावई, व्याही आले तर तेही नाही. त्यामुळं न ओढणाऱ्यांत बाया जास्त असल्या तरी नियम त्यांच्या हातात नसतो, आणि 'आमच्या घरात नियम आहे' याचा अर्थ बऱ्याचदा 'अण्णा असले की आहे' एवढाच असतो.

सार्वजनिक बंदीमुळं ओढणारे घरात ढकलले जातात का यावरही वाद आहे. अड्डा आणि कॉर्नाग्लिया या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० ला अमेरिकेतल्या बारमधल्या धूम्रपानबंदीबाबत तसं मांडलं, पण भारतातल्या पहिल्या सर्व्हेच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात धूरमुक्त जागी काम करणाऱ्यांची घरंही जास्त धूरमुक्त निघाली. वजन दुसऱ्या बाजूला जास्त दिसतं. फक्त त्यात काम म्हणजे छताखालचं काम, शेतावर किंवा ऊसतोडीला जाणारा त्या हिशोबातच येत नाही.

महाराष्ट्रात २०१६-१७ ला ओढणारे फक्त ३.८ टक्के होते, देशात १०.७. पण न जाळता खायचा तंबाखू २४.४ टक्के, पुरुषांत ३१.७ आणि बायांत १६.६. म्हणजे इथला 'न ओढणारा प्रौढ' हा बऱ्याचदा तळहातावर चुना मळणारा नाहीतर मिश्री लावणारी असते, आणि घरात बिडीला नाही म्हणणाऱ्याच्याच खिशात पुडी असते. त्याला त्यात काही वावगं वाटत नाही आणि व्याख्येनुसार वावगं नाहीच. सर्व्हेचा नमुना राज्याचा आकडा काढण्यापुरता असतो, त्यातून आठ जिल्ह्यांचा वेगळा आकडा ओढूनताणून काढू नये.

धर्मामुळं असलेला नियम नांदेडला दिसतो. हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या शीख घरांत तंबाखू कुठल्याच रूपात चालत नाही, खालसा रहितेत (शिखांच्या आचारनियमांत) ते मोठ्या वर्ज्यांपैकी एक आहे, त्यामुळं तिथं पाहुण्याला सुद्धा सूट नसते. माळकऱ्यांचं तसं नाही, माळ घातली की मटण-दारू सुटते पण तंबाखूचं ज्याचं त्याच्यावर.

बीडकडचे ऊसतोड मजूर दसऱ्या-दिवाळीनंतर कारखान्यावर जातात तिथं पाचटाच्या कोपीत राहतात. कोपीत बिडी न पेटवायचा नियम बऱ्यापैकी पाळला जातो, पण तो पाचट पेटू नये म्हणून.

चुलीचा धूर या नियमात मोजत नाहीत. सर्व्हेत इंधनाचा प्रश्न वेगळा असतो, आणि २०१६ च्या उज्ज्वला योजनेत गॅस मिळालेल्या घरांतही टाकी संपली की पऱ्हाट्या आणि तुराट्यांवर भाकरी होते.