न रडलेल्या बाळाचा मेंदू: दीडशे वर्षांच्या शोधाची पार्श्वभूमी

सोलापुरात एखादं मूल दोन वर्षांचं होऊनही बसत नसेल, तर घरातलं कोणीतरी डॉक्टरांना आधी हेच सांगतं, ‘जन्मल्यावर लगेच रडलं नव्हतं, काचेत ठेवलं होतं.’ मराठीत, कन्नडमध्ये, पूर्व भागात तेलुगूत, सांगणं एकच. जन्मताना कोंडलेला श्वास आणि पुढचं अपंगत्व यांची सांगड वैद्यकात ठळकपणे घातली ती लंडनच्या विल्यम जॉन लिटल यांनी, १८६१ साली. अडलेलं बाळंतपण, अपुरे दिवस आणि गुदमरणं यांमुळे मुलांचे हातपाय ताठर होतात, असं त्यांनी मांडलं. पुढे कित्येक वर्षं या ताठरपणाला लिटलचा आजारच म्हणत.

१८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी वेगळी शंका काढली. मनोविश्लेषणासाठी नावाजण्याआधी ते मज्जाविकारांचे डॉक्टर होते. बाळंतपण अवघड जाणं हे काही वेळा कारण नसून पोटात आधीच झालेल्या बिघाडाचं लक्षण असेल, असं त्यांचं म्हणणं. ते फारसं कोणी मनावर घेतलं नाही.

१९५३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद आणि रंग या पाच गोष्टींवर बाळाला दहापैकी गुण द्यायची पद्धत आणली. बाळाला या घडीला मदत हवी का, हे पाहायला ती होती. लोक मात्र तिच्यावरून मुलाचं भविष्य सांगू लागले. १९८१ मध्ये कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी हजारो मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं कायमचं अपंगत्व) झालेल्या मुलांपैकी ७३ टक्क्यांचे पाचव्या मिनिटाचे गुण ७ ते १० निघाले. म्हणजे बहुतेकांचा जन्म वरवर तरी ठीकच झाला होता. हा आकडा आपल्याकडच्या घराघरांत पोचायला हवा असं मला कळकळीनं वाटतं. ‘नीट जोर लावला नाही’ हा ठपका अजूनही आईच्याच माथी येतो, आणि तो ती आयुष्यभर वाहते.

याचा अर्थ गुदमरणं क्षुल्लक, असा मुळीच नाही. नाळ दाबली गेली, वार आधीच सुटली किंवा गर्भपिशवी फाटली, की मेंदूच्या पेशींची ऊर्जा काही मिनिटांत संपू लागते. पुरवठा एकदम तुटला तर मेंदूच्या आतले, हालचाल सांभाळणारे गाभे आधी दुखावतात. तो तासन्‌तास थोडाथोडा कमी पडत राहिला, तर दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या हद्दीवरचा भाग सुकतो, टोकाच्या शेताला पाटाचं पाणी पोचू नये तसा.

१९८० च्या दशकात लंडनमध्ये ऑस्मंड रेनॉल्ड्स यांच्या गटाला आणखी एक गोष्ट दिसली. श्वास सुरू झाल्यावर पेशींची ऊर्जा सावरते, मग काही तासांनी पुन्हा कोसळते. बाळाला आकडी येते ती बऱ्याचदा याच सुमारास. मधले ते सुमारे सहा तास ही उपचाराची संधी ठरली. त्यातूनच बाळाचं शरीर ३३ ते ३४ अंशांवर ७२ तास थंड ठेवायची पद्धत आली. २००५ पासून श्रीमंत देशांतल्या चाचण्यांत तिनं मृत्यू आणि अपंगत्व कमी केलं.

मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर याच पद्धतीची हेलिक्स नावाची चाचणी झाली. २०२१ मध्ये निकाल आला: थंड ठेवलेल्या बाळांत ४२ टक्के दगावली, इतरांत ३१ टक्के. अपंगत्वही कमी झालं नाही. आपल्याकडची इजा अनेकदा जन्माच्या कितीतरी आधी, लांबलेल्या कळांमध्येच सुरू होत असावी, असा एक अंदाज आहे. तसं असेल तर ते सहा तास बाळ बाहेर येईपर्यंतच सरलेले असतात.

म्हणून मला जास्त मोलाची वाटते ती साधी, हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी. तीन किलोच्या बाळाला एका श्वासाला जेमतेम १५ ते २० मिलिलिटर हवा लागते. मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवायचा, हनुवटी किंचित वर, आणि ‘दाब, दोन, तीन’ म्हणत मिनिटाला ४० ते ६० वेळा. छाती हलकेच उचलली की समजायचं, हवा पोचली. त्यासाठी शुद्ध प्राणवायूची नळी लागतेच असं नाही, हे दाखवण्यात दिल्लीच्या सिद्धार्थ रामजी यांच्या १९९३ च्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना ही पिशवी वापरायला शिकवली. २००९ मध्ये केंद्र सरकारनं नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमातून परिचारिकांचं असंच प्रशिक्षण सुरू केलं.

सोलापूर जिल्हा लांबरुंद आहे. करमाळ्याहून सिव्हिल हॉस्पिटल शंभर किलोमीटरच्या पुढे, आणि ‘सोलापूरला न्या’ हा निरोप पुष्कळदा बाळ निळं पडल्यावर मिळतो. कळा जोरात सुरू झाल्या की निदान दर अर्ध्या तासानं आणि जोर लावायच्या वेळी दर पाच मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकायचे असतात. ठोके मंदावले आणि तिथं सिझरची सोय नसेल, तर बाळ पोटात असतानाच बाईला गाडीत घालावं लागतं. सोबत आलेल्या सासूनं किंवा नवऱ्यानं ‘सिस्टर, ठोके कसे आहेत?’ असं खुशाल विचारावं, पुन्हा पुन्हा विचारावं.